एक्केचाळीस नंबरची वार

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आहे. तिथंच आहे. मायनस एटी फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, डाव्या बाजूला, पाच छोट्या नळ्या. प्रत्येकीवर निळ्या पेननं ४१.

सात आठवड्यांनी आज दवाखान्यात कामावर गेले आणि पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी फ्रीझर उघडला. एकोणचाळीसपर्यंतच्या नळ्यांवर माझं अक्षर, चाळीसपासून पुढं आरती सिस्टरचं. या पाचांवरही तिचंच. साहजिकच! ही वार गोळा करायची वेळ आली तेव्हा मी पलीकडे लेबर रूमच्या टेबलावर आडवी होते. वार माझीच होती.

दोन वर्षं हेच काम करतेय. बाळंतपण झालं की पाठोपाठ वार पडते. ती ट्रेमध्ये घ्यायची, धुवायची, अर्ध्या तासाच्या आत पाच जागचे पाच तुकडे कापायचे आणि गोठवायचे. तीस जाड बाया, तीस सडपातळ बाया. आईच्या अंगावर चरबी जास्त असली की वार त्या चरबीचं काय करते, हे अभ्यास चालवणाऱ्या पंकजा मॅडमना बघायचंय. मला दिवस गेले तेव्हा मीही फॉर्म भरला. सही करताना ऐटीत म्हणाले होते — मॅडम, जाड गटात माझ्याइतकी हक्काची बाई तुम्हाला अख्ख्या राहुरी तालुक्यात मिळायची नाही!

घे आता.

सत्तावीस सप्टेंबर. पस्तिसावा आठवडा. मुलगी. पोटातच गेली. वजन एक किलो सहाशे. माझं अठ्ठ्याण्णव.

हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि पेन खाली ठेवलं. जाऊन चहा करून प्यायले. परत आले तर आकडे तेच.

मला दुसरं काही नको. एवढंच कळायला हवंय — माझ्या वारेनं तिला खायला दिलं की नाही.

१९ नोव्हेंबर

सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मी मेले की काय!

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. शाळेच्या व्हरांड्यात ही रांग. पुढच्या म्हातारीनं वळून मला खालवर पाहिलं आणि दारातल्या पोलिसाला हाक मारली, "ओ सायेब, बाई पोटुशी हाय, तिला पुढं घ्या की!"

सगळ्यांनी वाट दिली. एकानं खुर्ची आणली. आणि मी गेले पुढं! नाही म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं, वीस-पंचवीस माणसांसमोर.

म्हातारी म्हणाली, "कितवा गं?"

"नववा."

पोट अजून तसंच आहे. जाड बाईचं पोट कोणाला आधी-नंतर कळत नाही. घरी आले तर नवरा, डॅनी, म्हणाला, एवढ्या लवकर कशी? म्हटलं, गर्दी नव्हती.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पंकजा मॅडमचा पुण्याहून फोन. "लीना, एक्केचाळीस नंबर मी इथल्या मुलीकडून करून घेते. तू हात लावू नकोस."

म्हटलं, साठही नमुने एकाच हातानं व्हायला हवेत हे तुम्हीच शिकवलंत.

"पण तो नंबर कोणाचा हे तुला माहीत आहे."

"मला साठही नंबर कोणाचे ते माहीत आहे, मॅडम. गाव केवढंसं!"

मग मीच विचारलं. वारेत चरबी साठून राहिली तर मूल उपाशी राहतं का?

शिकवताना बोलतात तशा सावकाश बोलल्या. आईच्या रक्तातली चरबी वारेत येते. वार त्यातली थोडी स्वतः जाळते, थोडी साठवते, थोडी बाळाकडे पाठवते. आई फार जाड असली की जाळणं कमी पडतं आणि साठवणं वाढतं, असं दिसतंय. बाळापर्यंत नेमकं काय आणि किती पोचतं हे अजून कोणालाच नीट सांगता येत नाही. काहींची मुलं चार किलोची होतात, काहींची वाढतच नाहीत. "जोखीम वाढते, लीना. पण जोखीम म्हणजे कारण नव्हे. एका बाईकडे बोट दाखवून, हे तुझ्यामुळे झालं, असं आपण म्हणू शकत नाही."

सगळं ऐकलं. डोक्यात एकच शब्द राहिला. साठवते.

हा शब्द मी आधी ऐकलाय. दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी. सासूबाई कॉटच्या कडेला उभ्या होत्या. रडून रडून आवाज बसला होता. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "एवढं अंगावर साठवलंस. लेकराला काय दिलंस?"

मॅडम दोन वर्षं जे शोधताहेत ते सासूबाईंनी, मरियाबाईंनी, एका वाक्यात विचारलं. मशीन नाही, काही नाही! आणि एकाच घरात राहून त्या वाक्यानंतर आम्ही दोघी मीठ-मिरचीपलीकडे बोललेलो नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

गोरक्षनाथ नायट्रोजन घेऊन आला. तो गाई भरवायला गावोगाव फिरतो. बैलाचं बीज ज्या नायट्रोजनमध्ये गोठवून नेतात, त्यातलाच थोडा आम्हाला देतो. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

"ताई! लई दिसांनी! काय मंग, पोरगा का पोरगी?"

"पोरगी. गेली, भाऊ."

कॅन खाली ठेवला. डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "गाईचं वासरू गेलं तं चार दिस हंबरती ती. दावं तोडती. आन् तुमी लगीच कामाव आल्या?"

इतक्या लोकांनी इतकं सांत्वन केलं. देवाची इच्छा, पुन्हा होईल, वय आहे अजून. हंबरायला कोणी सांगितलं नव्हतं.

नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नळाचं पाणी संपेस्तोवर. टाकी रिकामी केली म्हणून आरती सिस्टर कोणावर तरी ओरडत होती.

डॅनी संध्याकाळी दूध संकलन केंद्रावरून आला. तो लोकांच्या दुधाची फॅट काढतो, मी बायकांच्या वारेची. पूर्वी यावर आम्ही काय हसायचो! आजही त्यानं सवयीनं विचारलं, "काय, किती लागली आज?" आणि बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसला.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज केलं.

गोठलेल्या तुकड्याचा कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ काप घ्यायचा, काचेवर ठेवायचा, वरून लाल रंग. हा रंग चरबीलाच धरतो, बाकी कशाला नाही. मायक्रोस्कोपखाली सडपातळ बायकांच्या कापात लाल ठिपके इथं एक, तिथं एक. एका चौकटीत आठ, दहा. जाड बायकांच्या पंचवीस-तीस.

आधी ४० नंबर केला. ही सोनईची बाई. त्याच दिवशी, माझ्या आधी तासभर बाळंत झाली. वजन थेट माझ्याइतकं. तिचे अडतीस.

मग ४१.

एकोणचाळीस.

पुन्हा मोजले. दुसऱ्या नळीतल्या तुकड्याचा काप केला. चाळीस. तिसऱ्या. अडतीस. लाल, लाल, नुसतं लाल! थेंबाला थेंब चिकटलेला. म्हणजे चरबी होती. भरपूर होती. पार दारापर्यंत आली होती. आणि माझी वार तिच्यावर बसून राहिली. आत एक किलो सहाशेची पोर, हातपाय हलवायचं कमी कमी करत गेलेली.

डोहाळजेवणात सगळ्यांनी भरवलं मला. दोन जिवांचं खा म्हणाले. डिंकाचे लाडू, शिरा, म्हशीच्या दुधावरची साय. मी दोन जिवांचं खाल्लं आणि एकाच जिवानं ते ठेवून घेतलं.

सोनईच्या बाईचंही तेवढंच आहे आणि तिला साडेतीन किलोचा मुलगा झाला, हे सुचलं नाही असं नाही. पण दुसऱ्याचं मूल जगलं म्हणून माझा गुन्हा कमी होतो का?

रजिस्टरात आकडे लिहिले. शेवटच्या रकान्यात तपासणाऱ्याची सही. केली.

७ डिसेंबर

जेवले नाही. जेवण समोर आलं की लाल ठिपके दिसतात.

१५ डिसेंबर, रविवार

उपासनेला गेले, डॅनी म्हणाला म्हणून. पाळकसाहेब मरियेच्या पोटातल्या बाळाविषयी बोलत होते. नाताळ जवळ आला की तेच बोलणार, त्यांचा काय दोष! मी गाण्याच्या पुस्तकावरची धूळ बोटानं पुसत बसले.

बाहेर आल्यावर एक बाई म्हणाल्या, "लीना, बारीक झालीस गं! छान दिसतेस. काय करतेस?"

उपाशी राहते, असं म्हणाले. त्यांना गंमत वाटली.

खरंच राहते. सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकरी. पाच किलो उतरले. आयुष्यभर जे जमलं नाही ते आता जमतंय, आणि काय उपयोग! मला बारीक व्हायचं नाहीये. तिला कसं वाटलं असेल ते बघतेय. कितव्या दिवशी हातपाय गळतात, कितव्या दिवशी काहीच नको वाटतं.

हे डॅनीला सांगता येणार नाही. म्हणून इथं लिहिलं.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. सासूबाईंनी करंज्या, चकल्या, अनारसे, सगळं केलं. एकटीनंच. मी पोळपाटाला हात लावला नाही. दुपारी एक ताट भरून माझ्यापुढं ठेवलं.

"खा. तीन महिनं झालं तुझं खानं न्हाई."

"आता कशाला? अंगावर साठवायला?"

तोंडातून गेलं! जावं असंच वाटत होतं, तीन महिने पाजळून ठेवलं होतं. पण गेल्यावर बरं वाटलं नाही. त्या ताट तसंच ठेवून मागच्या दारी गेल्या, आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या राहिल्या. डॅनी कधी त्यांच्याकडे बघतो, कधी माझ्याकडे. मग मेणबत्त्या घेऊन तो एकटाच दफनभूमीत गेला. मी अजून गेलेले नाही. पाय वळत नाहीत.

२७ डिसेंबर

सासूबाई सोनईला गेल्या. नणंदेचं, एंजलचं, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे. तीन आठवडे तिथंच. घर मोकळं झालं. मोकळं घर आणखी वाईट.

४ जानेवारी २०२५

वेळेवर आली असती तर आता दोन महिन्यांची असती. मान धरायला लागली असती.

९ जानेवारी, गुरुवार

काय लिहू! नीट लिहिते. एकामागून एक.

नळ्यांची कुठं अदलाबदल तर झाली नाही ना, हे बघायला पुण्याच्या लॅबनं साठही नमुने तपासले. प्रत्येक वार मुलाची की मुलीची, एवढंच. त्याची यादी आज आली. ती आमच्या रजिस्टरशी लावून बघायचं काम माझं. एक मुलगी, मुलगी. दोन मुलगा, मुलगा. तीन मुलगा, मुलगा. अशी खाली खाली येत गेले.

एक्केचाळीस. रजिस्टरात मुलगी. यादीत मुलगा.

वाटलं, ओळ चुकली. पट्टी लावून बघितलं. मुलगा.

मुलाच्या वारेत आईचं रक्त राहिलं तर तपासणीत चुकून मुलगी दिसू शकते. उलट होत नाही. आई बाई, मूल मुलगी, मग त्यात पुरुषाचं काही येईलच कुठून? मला हे माहीत आहे. हे मी नव्या मुलींना शिकवते.

आणि मग दुसरंच डोक्यात आलं. बाळाला मी बघितलंच नव्हतं! रक्तदाब दोनशेवर, सलाईन लावलेलं, डोळे उघडत नव्हते. डॅनी म्हणाला, नको बघू. त्याच संध्याकाळी माती दिली. मुलगी होती हे मी फक्त ऐकलंय. साडेतीन महिने मी जिच्यासाठी रडले ती होती तरी का? मुलगा होता आणि मला सांगितलं नाही? मुलगा गेला म्हणून मी जास्त रडेन असं वाटलं का यांना?

दुपारभर मला मुलगा होता. वेडी झाले होते की काय! त्याचं नावही मनात आलं. ते लिहीत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

डॅनी दुधाच्या नळ्या धूत होता. मागं उभी राहून विचारलं, खरं सांग. मुलगी होती का?

त्याच्या हातातली नळी खाली पडली आणि फुटली. मला वाटलं, सापडला.

"मुलगीच हुती, लीना." पाठ न वळवता बोलत होता. "मी न्हाऊ घातली तिला. आई पानी ओतत हुती, मी धरली हुती. इथं, या हातावं. केस लई हुते. कानाच्या मागपर्यंत. कपाळ तुझं. मूठ आवळलेली, आन् अंगठा मुठीच्या आत. मी सोडवायला गेलो तं सुटंना."

साडेतीन महिने तो तिच्याविषयी एक अक्षर बोलला नव्हता. मला वाटायचं, याला काही वाटतच नाही. फॅट काढतो, जेवतो, झोपतो. आणि तो हे सगळं हातावर घेऊन फिरत होता.

जमिनीवर काचेत बसून रडलो दोघंही. त्यानं माझ्या पायाला लागलेली काच काढली.

म्हणजे मुलगीच. मग चूक नळीत आहे. नळी भरली आरती सिस्टरनं.

१३ जानेवारी, सोमवार

आरती सिस्टरला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. यादी पुढं धरली. तिनं यादी वाचलीच नाही. खाली बसली.

"तुझ्या सासूनं नेली," म्हणाली.

वार मागायला लोक येतातच आमच्याकडे. जिवंत मुलाची वार घरी नेऊन, हळदकुंकू लावून अंगणात पुरतात. आमचे पाच तुकडे घेऊन झाले की उरलेली आम्ही देतो. पण गेलेल्या मुलाची वार कोणी मागत नाही. ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतच जाते.

"त्या ट्रे धरूनच बसल्या. म्हनल्या, आख्खी द्या, तुकडा कमी नको. मी म्हनलं, लीनानं सही केलीय, मला न्हाई देता येनार. तं पाय धरले गं माझे! माझ्या आईएवढी बाई!"

"आणि एक्केचाळीस नंबर?"

"मोकळा ठेवला असता तं तू आल्या दिवशी इचारलं असतं, माझी कुठं गेली. काय सांगनार हुते तुला? तुझी तब्येत ती तशी. शेजारच्या ट्रेमंदी चाळीस नंबरची हुती. सोनईवाल्या बाईची. तिचेच आनखी पाच तुकडे काढले." मग माझ्याकडे बघून, अगदी मनापासून म्हणाली, "मला वाटलं, चरबीच तं मोजायचीय. दोघी सारख्याच जाड."

मी हसले. खरंच हसले, मोठ्यानं! ती घाबरली. अठरा वर्षं हजारो बायकांची वार हाताळलेली ही बाई. आणि तिच्या हिशेबी एका जाड बाईची वार दुसरीच्या नावावर खपते.

१३ जानेवारी, पुन्हा

राहवत नाही म्हणून परत वही उघडली.

अडतीस आणि एकोणचाळीस. एकाच वारेचे. तिच्याकडे बघत मी महिनाभर रोज स्वतःला फासावर दिलं. चोर, हावरी, लेकराच्या तोंडचं ठेवून घेणारी. आणि त्या वारेनं साडेतीन किलोचा मुलगा वाढवलाय! तो सोनईत कुठंतरी आता आईच्या मांडीवर लाथा मारत असेल. इतके लाल ठिपके असूनही.

मग माझ्या वारेत किती होते? कमी? जास्त? तिनं दिलं का? आणि दिलं असेल तर पोर एवढीशी का राहिली?

आता कधीच कळणार नाही. जे एकच मागत होते तेच गेलं.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्यांनी तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाले. आज कोणाशीच नाही बोलले.

१६ जानेवारी, गुरुवार

मॅडमना सगळं सांगितलं. आरती सिस्टरनं स्वतःच लिहून दिलं, मी काही बोलायच्या आत. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एक्केचाळीस काढून टाकू. अभ्यासात एकोणसाठ राहतील." आणि मग, "लीना, तो नमुना खरा तुझा असता तरी त्यातून तुला हवं ते उत्तर मिळालं नसतं. तू ते मानणार नाहीस, पण मिळालं नसतं." मानलं नाही. फोन ठेवला.

रजिस्टरात ४१च्या ओळीवर लाल रेघ मारली. शेऱ्यात लिहिलं — नळ्यांतला नमुना या नंबरचा नाही. या नंबरची वार कुटुंबीयांनी नेली. खाली सही. रिकाम्या केलेल्या पाच नळ्या पिवळ्या पिशवीत टाकल्या.

कुटुंबीयांनी! माझ्या पोटातली, माझी सही असलेली. न विचारता. काय केलं असेल तिचं? कॅनॉलात टाकली? उकिरड्यात पुरली? आख्खी हवी होती, तुकडा कमी नको! म्हणजे घराण्याची लाज काचेखाली जायला नको, हेच ना? सुनेच्या अंगात किती चरबी ते लोकांना कळायला नको. मला बोलायला मात्र तोंड होतं.

फोनवर विचारणार नाही. फोनवर माणूस काहीही सांगतं. रविवारी येताहेत. तोंडावर विचारणार, आणि उत्तर काही का असेना, मी या घरात राहणार नाही. डॅनीला सांगितलं. तो म्हणाला, आईनं वार नेली हे मलाच माहीत नाही. खरं बोलत होता.

१८ जानेवारी

बॅग भरून ठेवलीय. पलंगाखाली.

१९ जानेवारी, रविवार

सासूबाई आल्या. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, माझी वार कुठं आहे?

"लेकराजवळ," म्हणाल्या. पेटीत, तिच्या पोटाशी. स्वतःच्या लग्नातली पांढरी साडी फाडून, त्यात बांधून. पेटी बंद करायच्या आधी, डॅनी पाळकसाहेबांना आणायला गेला होता तेव्हा.

का, म्हणून विचारलं.

"तेवढे दिस त्याच्यातूनच खाल्लं तिनं. एकलीच एवढ्या लांब निघालेली. आईच्या हातचा डबा संगं नको का द्यायला?"